गव्हर्नरांची भाषणं नकोत, सह्या बघा

अमेरिकेतल्या राज्यांचे डेमोक्रॅट गव्हर्नर हवामानबदल रोखण्याच्या बाजूचे आणि रिपब्लिकन विरोधातले, अशी सरळ वाटणी केली जाते; मला ती पटत नाही. कॅलिफोर्नियाचा २००६ चा उत्सर्जन-कपातीचा कायदा तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या सहीने झाला. टेक्सासचे तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी हवामानबदलाच्या विज्ञानावरच शंका घेत राहिले, पण २००५ साली अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट वाढवणाऱ्या कायद्यावर सही त्यांचीच. पश्चिम टेक्सासातली पवनवीज शहरांपर्यंत आणणाऱ्या वाहिन्या त्याच कायद्यातून उभ्या राहिल्या, आणि आज पवनऊर्जेत ते राज्य देशात पहिलं आहे. (हेतू धंद्याचा होता, मान्य. हवेला काय फरक पडतो?)

फ्लोरिडाचं तर भलतंच. तिथले रिपब्लिकन गव्हर्नर डीसँटिस यांनी २०२४ मध्ये राज्याच्या कायद्यांतून हवामानबदलाचे बहुतेक उल्लेख काढले, पण वाढती समुद्रपातळी आणि पूर यांसाठी निधी देणारी २०२१ ची योजनाही त्यांच्याच काळातली. उलट न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅट गव्हर्नर होकुल यांनी, वाहनांची गर्दी आणि धूर कमी व्हावा म्हणून मॅनहॅटनमध्ये शिरणाऱ्या गाड्यांवर लागणारं गर्दीशुल्क जून २०२४ मध्ये ऐनवेळी रोखलं. पुढे १५ डॉलरचे ९ करून जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलं. या दोघांना त्या सरळ वाटणीत कुठे बसवणार?