जीबीएसच्या बातम्या: पुणे आणि पेरूची तुलना कशी करायची?

पेठेतला_वाचक
जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) साथ आली. पेरूने याच आजारासाठी जुलै २०२३ मध्ये ९० दिवसांची राष्ट्रीय आरोग्य आणीबाणी लावली होती. दोन्हीकडच्या दैनिकांची तुलना करायची आहे. शोधशब्द कोणते घेऊ, नमुना किती? मराठी बातम्या हाती नीट लागत नाहीयेत.

छापखाना
‘साथ’ टाकून शोधलंत तर लागणारच नाहीत. निम्म्या बातम्यांत कोणीतरी कोणाला तरी साथ दिलेली असते! आजाराचं नावही धड एक नाही: जीबीएस, गुइलेन बॅरे, गुलियन बॅरी, गिया बारे. सगळी रूपं टाका, शिवाय ‘कॅम्पिलोबॅक्टर’ (या आजाराशी जोडला जाणारा जिवाणू) आणि ‘दूषित पाणी’. ई-पेपरचं पान चित्र असेल तर शोध चालत नाही, पानं डोळ्यांनीच चाळा. शहर पुरवणी सोडू नका, विहिरी-टाक्यांच्या बातम्या तिथेच सापडतील. स्पॅनिशमध्ये नाव एकच, फक्त शेवटच्या अक्षरावरच्या चिन्हासह आणि चिन्हाविना असं दोनदा शोधा.

आकडेमोड
साथ काही आठवड्यांची, तेव्हा नमुना कसला काढता? रोजचे सगळे अंक घ्या. पहिली अधिकृत सूचना आली तो दिवस शून्य धरा आणि दोन्ही देश तिथून मोजा.

प्रत्येक बातमीसाठी रकाने: रुग्ण संशयित की निदान झालेला (मथळ्यात ‘संशयित’ हमखास गळतं), आकडा शहराचा की जिल्ह्याचा, बोलतंय कोण. दहा टक्के बातम्या दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवा. क्रिपेंडॉर्फचा अल्फा (दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचं माप) ०.८० च्या खाली गेला तर व्याख्या घट्ट करून पुन्हा नोंदवा. ‘घबराट पसरवणारा मथळा’ असला रकाना ठेवूच नका, दोघांचं कधी जमणार नाही. ‘मथळ्यात मृत्यूचा आकडा आहे का?’ एवढंच विचारा.

सलाईन
दोन रकाने माझ्याकडून. एक, हा आजार एरवीही वर्षाला लाखामागे एक-दोघांना होतो, हे बातमीत आहे का? दोन, उपचाराचा खर्च. इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून देतात) वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असं ५ दिवस देतात. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. एका इंजेक्शनची किंमत छापून थांबलेली बातमी वेगळी मोजा.

आणि निष्कर्ष काढताना जपून. पेरूत आणीबाणी देशभर होती आणि औषधखरेदी हा तिचा मोठा भाग, तेव्हा तिथे मंत्रालय बोलणारच. इथे प्रश्न २०२१ मध्ये पालिकेत आलेल्या गावांच्या पाण्याचा, म्हणून बोलणार महापालिका. हा फरक कारभाराचा आहे, तो वार्ताहरांच्या माथी मारू नका.

पेठेतला_वाचक
आणि चिकन? काही बातम्यांत कारण म्हणून तेही येतं.

आकडेमोड
‘सांगितलेलं कारण’ असा रकाना करा: पाणी, कोंबडी, दोन्ही, अनिश्चित. दिवसवार मांडा. एनआयव्हीचे (पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था) अहवाल आले त्या तारखांना रेघ ओढा, म्हणजे अहवालानंतर बातम्यांतलं कारण बदललं का ते दिसेल.