मुलाखतीच्या वेळी सासूबाई शेजारी बसल्या होत्या, हे शोधनिबंधात लिहावे का?

प्रश्न : ओपीडीनंतर

क्षयरोगाची लक्षणे सुरू झाल्यावरही स्त्रिया तपासणीला उशिरा का येतात, या विषयावर मी ग्रामीण भागातील १८ स्त्रियांच्या मराठीतून मुलाखती घेतल्या. नियतकालिकाकडून लेख दुरुस्तीसाठी परत आला असून समीक्षकांनी कोरेकची (मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासाबद्दल लेखात काय काय नोंदवावे याची) यादी भरून मागितली आहे, सॅच्युरेशन, म्हणजे नव्या मुलाखतींतून नवे काही मिळेनासे होणे, कितव्या मुलाखतीला आले असे विचारले आहे आणि मुलाखत घेणाऱ्याची माहिती अपुरी असल्याचे म्हटले आहे. अडचण अशी की माझी नेमणूक ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होती तिथल्याच या रुग्ण आहेत आणि त्यांतील काहींना मी स्वतः तपासले होते. शिवाय ५ मुलाखतींच्या वेळी सासूबाई किंवा जाऊ खोलीतच होत्या. हे सगळे उघडपणे लिहिले तर अभ्यास कच्चा ठरेल का?

उत्तर १ : वहीतल्या नोंदी

ठरणार नाही, लपवले आणि समीक्षकांना शंका आली, तर मात्र नक्की ठरेल. टाँग, सेन्सबरी आणि क्रेग यांनी २००७ साली मांडलेल्या कोरेकमध्ये ३२ मुद्दे आहेत, आणि त्यांतले पहिले आठ संशोधक कोण, त्याचे प्रशिक्षण काय, सहभागी व्यक्तींशी त्याची आधीची ओळख होती का, याविषयीच आहेत. मुलाखतीच्या वेळी आणखी कोणी हजर होते का, हाही त्यात स्वतंत्र मुद्दा आहे. ज्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या त्यांनाच 'मी आधी भगताकडे गेले होते' असे सांगताना बाई अडखळणार, हे वाचकाला कळले तरच तो तुमच्या निष्कर्षांचे वजन ठरवू शकेल.

त्या ५ मुलाखती उरलेल्या १३ मुलाखतींशेजारी ठेवून पुन्हा वाचा. सासूबाई समोर असताना पैशांचा किंवा घरातून न मिळालेल्या परवानगीचा विषय निघालाच नसेल, तर ती गोष्ट मर्यादांच्या परिच्छेदात एका ओळीत उरकण्यासारखी नाही. तिची जागा निष्कर्षांमध्ये आहे.

उत्तर २ : संथ वाचक

सॅच्युरेशनबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. 'बाराव्या मुलाखतीला सॅच्युरेशन आले' हे वाक्य इतक्या लेखांत दिसते की बारा हा जणू शास्त्राने ठरवलेला आकडा वाटावा. तो प्रामुख्याने गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या लेखातून आला. त्यांनी घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या होत्या आणि त्यांचा गट बराचसा एकसारखा होता, ही अट उद्धृत करताना गळून पडते. तुम्ही ब्राउन आणि क्लार्क यांची चिंतनशील थीमॅटिक पद्धत (मजकुरातून अर्थाचे समान धागे, म्हणजे थीम, शोधणे आणि त्यात संशोधकाची स्वतःची भूमिकाही तपासणे) वापरली असेल, तर सॅच्युरेशनची कल्पना या पद्धतीशी जुळत नाही असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. अशा वेळी माल्टेरुड यांनी २०१६ साली मांडलेला विचार उपयोगी पडतो : अभ्यासाचा हेतू जितका नेमका आणि संवाद जितका सकस, तितक्या कमी मुलाखती पुरतात. १८ वर का थांबलात, हे खरेखुरे लिहा. रजा संपली म्हणून थांबला असाल तर तेही लिहा आणि त्यामुळे काय राहून गेले ते सांगा.

यादी जरूर भरा, पण केवळ यादीतील घरे भरण्यासाठी न केलेली गोष्ट केल्याचे दाखवू नका. दोघांनी कोडिंग (मजकुराच्या तुकड्यांना अर्थानुसार खुणा देणे) केले असे लिहायचे आणि प्रत्यक्षात दुसऱ्याने दोनच ट्रान्सक्रिप्ट (मुलाखतींच्या लेखी प्रती) चाळलेल्या असायच्या, हा प्रकार मी पाहिला आहे. अशा याद्यांची यांत्रिक पूर्तता म्हणजे दर्जा नव्हे, हा इशारा बार्बर यांनी २००१ मध्येच दिला होता.

उत्तर ३ : दुभाषी

कोरेकमध्ये ज्याला स्वतंत्र घर नाही, अशी एक गोष्ट विचारते : भाषांतर कोणी केले, आणि कोडिंग मराठी मजकुरावर झाले की इंग्रजी मजकुरावर? तुमच्या विषयात 'दुखणं अंगावर काढलं' हे शब्द अनेकदा आले असणार. इंग्रजीत त्याचे 'दुर्लक्ष केले' असे झाले की ती बाई निष्काळजी ठरते. मराठीत मात्र त्यात सोसणे आहे, कामाला खाडा न करणे आहे आणि कधीकधी थोडा अभिमानही आहे. भाषांतरावरून कोडिंग केले असेल, तर 'बेफिकिरी' ही थीम कदाचित तुमच्या भाषांतरकाराने निर्माण केली असेल. मूळ शब्द देवनागरीत किंवा निदान रोमन लिपीत ठेवून पुढे एका वाक्यात अर्थ द्यावा. शब्दमर्यादा आड आली तर अशी अवतरणे पुरवणी तक्त्यात घालता येतात.

उलट बाजूने, प्रत्येक अवतरणाखाली वय, गावाचा आकार आणि व्यवसाय देऊ नका. 'अंगणवाडी सेविका, वय ४२' एवढ्यावरून गावातले कोणीही तिला ओळखेल, आणि क्षयरोगाची बातमी तिच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोहोचेल. कोणते तपशील का गाळले, हे पद्धतीच्या भागात नोंदवले की पारदर्शकतेलाही बाध येत नाही.

ओपीडीनंतर

तिघांचेही आभार. कोडिंग इंग्रजीवरच झाले होते, हे कबूल करते. मूळ ध्वनिमुद्रणे एथिक्स कमिटीच्या अटीनुसार अजून जपून ठेवलेली आहेत, त्यामुळे त्या ५ मुलाखतींपासून सुरुवात करून मराठीतून पुन्हा कोडिंग करते आणि संपादकांकडे सहा आठवड्यांची मुदतवाढ मागते. हे दुसऱ्यांदा केलेले कोडिंगही लेखात नोंदवावे ना?

दुभाषी

हो, नोंदवावे, आणि त्यामुळे कोणती थीम बदलली किंवा गळली, तिच्या नावासह.