तालुक्याच्या कॉलेजात बीए समाजशास्त्र: फील्ड प्रोजेक्टसाठी किती घरं, कशी निवडायची?

पारोळेकर
एफवायबीए. मेजर समाजशास्त्र, मायनर अर्थशास्त्र. कॉलेज छोटं: वर्गात 17 जण, विभागात एकच पूर्णवेळ सर, बाकी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तिसऱ्या सत्रात 2 क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आहे. विषय: खानदेशातल्या एका गावातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. गावात अंदाजे 240 घरं. किती घ्यावीत आणि कशी निवडावीत? गुगल फॉर्म चालेल का? आणि छोट्या कॉलेजामुळे पुढे एमएला अडतं का?

सातपुडा_पायथा
आधी वेळ. फील्डच्या 1 क्रेडिटला 30 तास धरतात, म्हणजे तुमच्या हातात 60. घरयादीला 8, पाच घरांत प्रश्नावली तपासून बघायला 3, चाळीस घरांना अर्ध्या तासाने 20, गावात फिरण्यात 6, एक्सेलमध्ये भरायला 6. उरले 17, त्यात लिहिणं. म्हणून 40 घरं. शंभरचा हट्ट धरला की शेवटचे तीस फॉर्म पारावर बसून भरले जातात, आणि सरांना ते वाचताच कळतं.

प्रोजेक्ट तिसऱ्या सत्रात असला तरी फॉर्म मे महिन्यातच भरा, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर. तोडीवरची माणसं तोवर घरी आलेली असतात आणि पेरणीची घाई लागलेली नसते. दिवाळीनंतर गेलात तर ज्यांच्यावर प्रोजेक्ट आहे तीच घरं कुलूपबंद असतात. जी उघडी असतात तिथली माणसं दिवसभर कापूस वेचायला, संध्याकाळी सातच्या आत कोणी भेटत नाही.

घरांची यादी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधून, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीतून मिळते. तलाठ्याचा 8-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्यांचा. पोरं हमखास तोच घेऊन येतात. पण नमुना 8 वरही थांबू नका. गावाबाहेरच्या वस्तीतली झोपडी त्यात नसते, आणि एकाच्या नावावरच्या घरात दोन भाऊ वेगळे राहत असतात. एक चूल म्हणजे एक कुटुंब हा नियम धरून स्वतः गल्लीगल्लीने फिरा आणि नव्याने क्रमांक घाला.

मग 240 भागिले 40, म्हणजे दर सहावं घर. 1 ते 6 च्या चिठ्ठ्या टाका. 4 निघाला तर 4, 10, 16, 22 असं शेवटपर्यंत. ओळखीची घरं घेऊ नका. ओळख सहसा आपल्याच गल्लीत आणि आपल्याच समाजात असते.

गुगल फॉर्म नको. माणूस प्रश्नाबाहेरचं जे बोलतो ते कागदाच्या कडेला लिहिता येतं, आणि अहवालाचा जीव बहुतेक वेळा त्या कडेलाच असतो.

पारोळेकर
मे महिन्यातही घराला कुलूप असलं तर शेजारचं घेतलं तर चालेल का?

सातपुडा_पायथा
नाही. दोनदा वेगवेगळ्या वेळी परत जा, तरीही कुलूप असेल तर 'बंद' लिहा, शेजाऱ्याला विचारून कारण नोंदवा आणि पुढे चला. बंद घराच्या जागी उघडं घेत गेलात की गावात स्थलांतर कमीच आहे असा निष्कर्ष आपोआप निघतो. 40 पैकी 5 बंद असतील तर अहवालात तसं सरळ लिहा. आणि '22.5 टक्के कुटुंबं' लिहिण्यापेक्षा '40 पैकी 9' लिहा. इथे एक घर म्हणजेच अडीच टक्के होतात, दशांशाचा थाट कशाला?

चुलीजवळ
प्रश्नांच्या शब्दांबद्दल कोणी बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. बाईला 'तुम्ही काम करता का' विचारलं की उत्तर येतं 'नाही, घरीच असते'. कोपऱ्यात निंदणीचं खुरपं ठेवलेलं दिसत असतं. राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात मागच्या 7 दिवसांचा हिशेब घेतात, एखाद्या दिवशी 1 तास काम केलं तरी मोजतात. तसंच विचारा: मागच्या सात दिवसांत निंदायला, वेचायला, दुसऱ्याच्या शेतात गेलात का? किती दिवस? रोज किती मिळाला? 'वार्षिक उत्पन्न किती' हा प्रश्न काढूनच टाका. तोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, कापूस किती क्विंटल झाला, असे तुकडे विचारा आणि बेरीज घरी करा.

'कुटुंब' शब्दही जपून. जुनी माणसं त्याचा अर्थ बायको असा घेतात. 'घरमा कितला जण शेतस' (घरात किती जण आहेत) असं अहिराणीत विचारलं की गोंधळ मिटतो. जमीन कोणी एकरात सांगेल, कोणी बिघ्यात, 7/12 वर हेक्टर-आर. माणूस म्हणेल तेच माप लिहा. एकराचे साधारण 40 आर धरता येतात, बिघ्याचं मात्र त्याच गावात विचारून घ्या.

सुरुवातीलाच सांगा की यातून घरकुल, रेशन काही मिळणार नाही आणि काही जाणारही नाही, नाव लिहीत नाही. नाहीतर जमीन निम्मी सांगतात. प्राचार्यांचं पत्र सरपंचांना दाखवा, पण फॉर्म भरताना त्यांना सोबत नेऊ नका. त्यांच्यासमोर उचलीचा खरा आकडा कोण सांगेल?

आकडेमोड
जुन्या आकड्यांशी तुलना करणार असाल तर जपून. खानदेश हा 1906 पर्यंत एकच जिल्हा होता, मग पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (पुढचा धुळे) झाले. नंदुरबार 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे 1991 च्या धुळ्याची 2011 च्या धुळ्याशी थेट तुलना म्हणजे नंदुरबारात गेलेले धडगाव, अक्कलकुवा हे तालुके एकदा धरून एकदा सोडणं. 2011 ला नंदुरबारात आदिवासी 69 टक्क्यांच्या वर आहेत, मग धुळ्यातले आदिवासी एकदम 'घटलेले' दिसतात. तुमच्या गावाचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत आहेत, जनगणनेच्या साइटवर फुकट.

एक्सेलमध्ये 'उत्तर नाही' ला 0 लिहू नका. जात, शिक्षण अशा कोडच्या, म्हणजे उत्तराला आकडा दिलेल्या, रकान्यात 99 चालतं. जमीन, मजुरी अशा रकान्यात चौकट रिकामी सोडा, नाहीतर सरासरी बोंबलते.

तापीकाठ
एमएचं: टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश आहे, कॉलेजचं नाव आडवं येत नाही. खरी अडचण चार वर्षांच्या पदवीतल्या चौथ्या वर्षाची. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या 6 सत्रांत 75 टक्के लागतात, आणि विभागात मान्यताप्राप्त पीएचडी मार्गदर्शक आहेत का हे आजच विचारा. नसतील तर 3 वर्षांची पदवी घेऊन 2 वर्षांचं एमए. एबीसी आयडीवर, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यावर, क्रेडिट चढलेत का ते दर निकालानंतर बघत जा.

आणि 17 जणांचा वर्ग ही सोय आहे. मसुद्याची पहिली पाच पानं सरांकडे जुलैतच द्या, लाल पेनाने परत मागा. सव्वाशेच्या वर्गात ते कोणी करून देत नाही.