लोभ आहेच, पण त्याला परवाना कोण देतं?

युरोपीय वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यातला संघर्ष जमीन आणि सोन्यासाठी होता, ‘आम्हीच श्रेष्ठ’ ही भावना नुसता मुलामा, असं एक मत आहे. अर्धंच पटलं. लोभ जगात सगळीकडेच असतो. पण लुटणाऱ्याला रात्री शांत झोप लागावी, याची सोय स्वसंस्कृतिश्रेष्ठत्वच करतं, म्हणजे आपलीच संस्कृती श्रेष्ठ मानून इतरांना तिच्याच मापाने मोजणं.

१५१३ सालचं स्पेनचं ‘रेकेरिमिएंतो’ बघा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपुढे हल्ल्याआधी वाचायचं फर्मान. पोप आणि स्पेनची राजसत्ता यांचा अधिकार मान्य करा, नाहीतर युद्ध करू, बायकामुलांसकट गुलाम करू, आणि जे मरतील त्याचा दोष तुमचाच! हे वाचायचं स्पॅनिशमध्ये, ऐकणाऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नसताना. कधी तर ओसाड पडलेल्या गावासमोरही वाचलं जाई. निव्वळ लुटायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला? आपला देव आणि आपला कायदा सगळ्या जगाला लागू आहे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. त्यामुळे नकार म्हणजे थेट गुन्हा.

ऑस्ट्रेलियात फर्मानाचीही गरज पडली नाही. कुंपण नाही, इंग्रजी पद्धतीची नांगरट नाही, म्हणजे मालकच नाही. तिथले लोक ठरवून गवत जाळत, नवं गवत उगवलं की त्यावर शिकार येई. ही जमिनीची निगा नवागत ब्रिटिशांना मालकीची खूण वाटलीच नाही. मग मेंढ्या आल्या, पाणवठे गेले, भाले उगारले गेले, आणि ‘रानटी’ हा शिक्का आयताच मिळाला. मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १९९२ साली, माबो खटल्यात.