कोल्हापुरात लाकडी घर: उन्हाळ्यात थंड, पावसाळ्यात कोरडं कसं ठेवायचं?

कळंबा_प्लॉट:
कळंब्याच्या बाजूला 3 गुंठे जागा आहे. पाच माणसांसाठी 40 × 28 फुटांचं घर आणि वर पोटमाळा, असा विचार आहे. लांब बाजू पूर्व-पश्चिम, रस्ता पश्चिमेला. माती काळी, मुरूम साडेचार फुटांवर. सांगाडा लाकडी आणि वर मंगलोरी कौलं हवीत, एप्रिल-मे एसीशिवाय निघावा. सगळ्याच भिंती लाकडी केल्या तर घर थंड राहील का? साग परवडला नाही तर काय वापरावं?

मातीभिंत:
सगळ्या लाकडी नकोत. लाकूड बाहेरची उष्णता अडवतं, पण गारवा साठवत नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी 37-38 अंश आणि पहाटे 20-22 अंश असतात. हा फरक फुकटचा आहे, तो वापरायला घराच्या पोटात वजनदार काहीतरी लागतं. म्हणून आतल्या भिंती 9 इंची विटेच्या आणि खाली शहाबादी फरशी करा. रात्री खिडक्या उघड्या ठेवा, सकाळी नऊला बंद करा. रात्रभर गार झालेल्या विटा दुपारी खोलीतली उष्णता ओढून घेतात.

बाहेरच्या भिंती मात्र लाकडी सांगाड्याच्याच करा. आतून बाहेर क्रम असा: 18 मिमी फळी, 4 इंची सांगाड्यात 75 मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची उष्णतारोधक गादी), वाफ बाहेर जाऊ देणारा पडदा (ब्रीदर मेम्ब्रेन), उभ्या पट्ट्या ठोकून 25 मिमी मोकळी जागा आणि शेवटी बाहेरची फळी. मोकळ्या जागेचं खालचं-वरचं तोंड उघडं हवं, त्यावर स्टीलची बारीक जाळी. दोन्हीकडून गिलावा केलेल्या 9 इंची विटेच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, तिच्या ढोबळमानाने चौथा हिस्साच अशा भिंतीतून येते. पडद्याऐवजी साधं प्लास्टिक लावलं की जून ते सप्टेंबर ओल आत कोंडते आणि फळी मागच्या बाजूने कुजते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून हे जास्त वाईट.

दक्षिणेच्या खिडकीवर 2 फुटी छज्जा पुरे: 21 डिसेंबरला दुपारी सूर्य सुमारे 50 अंशांवर असतो, थंडीचं ऊन आत येतं, मार्चनंतर दुपारचं ऊन छज्ज्यावरच अडतं. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला छज्जा आवरत नाही. तिथे 8 फूट खोल सोपा (ओसरी) काढा. मूळ घराबाहेर, वेगळ्या उतरत्या छपराचा. नैर्ऋत्येकडून येणारी झडही त्याच बाजूला लागते. जिना, कोठीची खोली, न्हाणीघर पश्चिमेला घ्या. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या भिंती विटेच्याच ठेवा.

वखारवाला:
आधी माप. 6 × 6 इंची, 9 फुटी खांब म्हणजे 2.25 घनफूट, 20 खांबांचे 45 घनफूट. वासे 2.5 × 5 इंची, 20 फुटी, दोन-दोन फुटांवर, दोन्ही पाखांना (छपराच्या उतारांना) मिळून 46, म्हणजे सुमारे 80 घनफूट. तुळया आणि आढं वेगळे. एकसंध 20 फुटी वासा क्वचितच मिळतो, त्यामुळे जोड मधल्या तुळईवरच येऊ द्या, हवेत नको. चिराईत जाणारं लाकूड धरून 10-15 टक्के जास्त घ्या.

सागात पिवळट-पांढरी कड असेल तर भाव कमी करून घेऊ नका, ती कड कापूनच घ्या. कीड आधी तिथेच शिरते. जुन्या वाड्याचा साग मिळाला तर सगळ्यात उत्तम, कारण तो पुरता सुकलेला असतो. साग परवडला नाही तर वाशांना ऐन, किंजळ ही लाकडं चालतात. ओलावा मीटरवर 12 ते 14 टक्के आल्याशिवाय सांधे घालू नका. आतल्या लाकडाला 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स, 2 किलो बोरिक ॲसिड. हे पावसात धुऊन जातं, म्हणून बाहेर उपयोग नाही. बाहेरच्या फळीला दरवर्षी मेअखेर जवसाचं तेल लावा. साधे खिळे वापरू नका: ऐनात वर्षभरात खिळ्याभोवती काळा डाग पसरतो आणि तिथेच पकड सुटते.

पाया मुरमापर्यंत न्या, काळ्या मातीवर टेकवू नका. जोतं अडीच फूट, काळ्या दगडाचं. खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. तळखड्यावर (खांबाखालच्या घडीव दगडावर) उभा करा, मध्ये गंज न लागणारी 20 मिमी सळई. खांब आणि दगडाच्या मध्ये जीआय पत्रा, कडा दोन इंच खाली वाकवलेल्या. वाळवी पत्रा ओलांडताना मातीची वाट बाहेरून बांधते, ती डोळ्यांना दिसते.

जागेचा पूररेषेचा नकाशाही बघा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं.

कळंबा_प्लॉट:
खूप उपयोग झाला. बजेट कमी पडतंय. कौलांखाली फक्त फॉइल लावली तर पोटमाळा राहण्याजोगा होईल का?

कौलारू:
छपरावर काटकसर करू नका, भिंतीवर करा. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सगळा भार कौलांवर. इको निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या केंद्रीय नियमावलीत) छपरासाठी यू-मूल्याची (किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) मर्यादा 1.2 आहे, नुसती कौलं त्याच्या जवळपासही पोचत नाहीत.

उतार 30 अंश. वाशांमध्ये 75 मिमी रॉकवूल, खालून फळी. वाशांवर फॉइल, चकचकीत बाजू खाली. रॉकवूल आणि फॉइलमध्ये 25 मिमी हवा राहिलीच पाहिजे. बहुतेक घरांत चूक इथेच होते: रॉकवूल दाबून वर ढकलतात, ते फॉइलला चिकटतं आणि फॉइल निव्वळ कागद उरते. फॉइलवर उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, मग कौलं. वळचणीला आणि आढ्याला हवेची वाट ठेवा, म्हणजे कौलांखालची गरम हवा वर निघून जाते. वळचण 3 फूट बाहेर, गॅबलकडे (छपराच्या त्रिकोणी टोकांकडे) 2 फूट. छपराचं क्षेत्रफळ 1760 चौरस फूट होतं, चौरस मीटरला 15 धरून फुटतूट मिळून 2,600 कौलं.

सोलर पुढे बसवायचं असेल तर दक्षिण पाख मोकळी ठेवा. 3 किलोवॅटला साधारण 300 चौरस फूट लागतात. हुक मात्र कौलं चढवण्याआधीच वाशांना पक्के करा. नंतर कौलाला भोक पाडून बसवलेला प्रत्येक हुक पहिल्याच पावसात गळतो.