मदत हवी आहे: थायरॉइड आणि अ‍ॅस्पिरिन चालू असताना बोटॉक्स घेऊ का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय ४४, शाळेत शिकवते. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे. दोन भुवयांच्या मधोमध उभ्या आठ्या पडल्यात. वर्गातली मुलं विचारतात, "बाई, रागावलात का?" मी रागावलेली नसते, आणि ते ऐकून मनाला लागतं.

घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. आठ्यांना बोटॉक्स, डोळ्यांखालच्या खड्ड्यांना फिलर, दोन्हींचं मिळून पॅकेज. दिवाळीआधी पैसे भरले तर सवलत. फॉर्ममध्ये अ‍ॅलर्जी आणि मधुमेह एवढंच विचारलं. डॉक्टर अजून भेटलेले नाहीत, इंजेक्शनच्या दिवशीच भेटतील म्हणे.

मला हाशिमोटोचा थायरॉइड आहे (शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते तो आजार), गोळी रोजची. फिजिशियननी दोन वर्षांपासून ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनही दिलंय. यावर बोटॉक्स चालतं का? गोळ्या आधी बंद कराव्या लागतात का? माझी उजवी पापणी संध्याकाळी जड होऊन खाली येते, सकाळी ठीक असते. क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, बोटॉक्सने भुवई जरा उचलली जाते, तेही काम त्यातच होऊन जाईल. कोणी घेतलं असेल तर कृपया सांगा.

उंबरठा

ताई, मी मायग्रेनसाठी घेते, दर १२ आठवड्यांनी, ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट. आठ्यांना साधारण २० युनिट लागतात, पाच टोचण्यांत. थायरॉइड मलाही आहे, गोळी चालू ठेवूनच घेते. अ‍ॅस्पिरिनमुळे टोचल्या जागी काळंनिळं जास्त होतं, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. कशासाठी दिलीय ते फिजिशियननाच ठाऊक, त्यांनाच विचारा.

परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिने टिकतो. काही बिघडलं तर औषध परत काढून घेता येत नाही, उतरेपर्यंत थांबावं लागतं. लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा घेऊ नका.

जुना स्टेथो

रानजाई, मी भूलतज्ज्ञ होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न थायरॉइड आणि अ‍ॅस्पिरिनचा आहे, पण मी थांबलो ते पापणीच्या वाक्यावर. सकाळी ठीक आणि दिवस कलताना खाली, ही पापणी आधी तपासायला हवी. पैसे भरू नका.

मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा आजार असतो. नस स्नायूला हुकूम देते तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत. या आजारात शरीराचीच प्रतिद्रव्यं स्नायूवरची ते रसायन झेलणारी जागा बंद करत जातात. म्हणून स्नायू वापरला की थकतो आणि विश्रांतीने पुन्हा चालतो. बोटॉक्स काय करतं? तेच रसायन नसेतून बाहेर पडू देत नाही. आधीच कमी पडणाऱ्या ठिकाणी वरून आणखी कपात. अशा रुग्णाला चेहऱ्यावरच्या थोड्या मात्रेनेही पापणी पूर्ण मिटणं, गिळताना अडकणं, अगदी श्वासाचा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर २००९ पासून चौकटीतला इशारा आहे: परिणाम टोचल्या जागेपासून दूर पसरू शकतो, काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीसुद्धा.

तुम्हाला हा आजार आहेच असं मी म्हणत नाही. पापणी इतर कारणांनीही उतरते. पण हाशिमोटो असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून लिहितोय. तीन गोष्टी सांगा: वाचताना दोन-दोन दिसतं का? भाकरी चावता चावता जबडा थकतो का? बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो का? गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र इथे लिहीत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

उंबरठा

पापणीचं वाक्य माझ्या नजरेतून सुटलंच. ताई, माझा प्रतिसाद बाजूला ठेवा, आधी यांचं ऐका.

कोरडवाहू

फिलरबद्दल कोणीच लिहिलं नाही. ते बोटॉक्सपेक्षा वेगळं: त्वचेखाली जेल भरतात. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. भुवयांच्या मधला भाग आणि नाक सर्वांत धोक्याचे, पण डोळ्याभोवती कुठेही जपूनच. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज तिथे हजर आहे का, हे आधी विचारा. टोचताना त्वचा पांढरी पडली, खूप दुखलं किंवा धूसर दिसलं तर त्याच मिनिटाला सांगायचं.

इंजेक्शन देणारे त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत बघता येतं. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, बॅच नंबर लिहून घ्या, "किती युनिट" हे विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर उठून या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण बरं झालं वाचलं. दोन-दोन दिसतं. पेपर तपासताना रात्री नऊनंतर ओळीवर ओळ चढते, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. जबड्याचंही खरं आहे, हल्ली मी भाकरी आमटीत कुस्करून खाते. आवाज ठीक आहे, गिळायला त्रास नाही.

काल नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली आणि मग डोळा उघडायला लावला. पापणी वर आली होती. मुलाने आधीचा आणि नंतरचा फोटो काढला, फरक आम्हालाही दिसला. डॉक्टर म्हणाले, एवढ्याने निदान होत नाही, पण न्यूरॉलॉजिस्टना दाखवायलाच हवं. प्रतिद्रव्यांसाठी रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. बोटॉक्सचं नाव काढताच त्यांनी ठाम नाही म्हटलं. क्लिनिकला फोन करून नाव रद्द केलं, पैसे भरले नव्हते.

आता एक विचारायचं आहे. पुढच्या आठवड्यात नसेला पुन्हा पुन्हा हलका करंट देऊन करतात ती तपासणी आहे. त्यात खूप दुखतं का? सकाळची वेळ मिळाली आहे, पण सकाळी तर माझी पापणी चांगली असते. मग तपासणीत काही दिसणारच नाही, असं होईल का? संध्याकाळची वेळ मागून घेऊ का?