वीज आणि गॅस दोन्ही वाचवायचे असल्यास आधी काय बदलावे?

आम्ही चौघे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. महिन्याला साधारण १८० युनिट वीज जळते. चार जुने पंखे, २५ लिटरचा गीझर आणि फ्रिज आहे, एसी नाही. हाताशी पंधरा हजार रुपये असून बिलासोबत कार्बन उत्सर्जनही घटावे, अशी इच्छा आहे. इंडक्शन शेगडी घ्यावी का? सौर पॅनेलचा विचार होता, परंतु गच्ची सोसायटीची आहे.

प्रतिसाद १
सर्वप्रथम पंखे बदलावेत. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, बहुधा रिमोटवर चालणारा) तीसच्या आसपास; रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपुढील दर बराच चढा असल्याने तुमची बचत नेमकी त्या महाग युनिटांतूनच होईल. जेमतेम तासभर लागणारा पंखा मात्र तूर्त राहू द्यावा. गीझरचे बटण पहाटे दाबून सर्वांच्या आंघोळी उरकेपर्यंत विसरण्याची सवय आमच्याही घरी होती. दोन किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटांत अर्धा युनिट खातो, आणि तेवढ्यात वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापते. म्हणून आंघोळी लागोपाठ उरकाव्यात.

प्रतिसाद २
इंडक्शनबाबत माझे मत वेगळे पडेल. आपली बरीचशी वीज कोळशावर तयार होत असल्याने युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढाच स्वयंपाक गॅसवर केल्यास उत्सर्जन कमी होते. शिवाय तुमचे शंभरीपुढील महाग युनिट पुन्हा वाढतील. त्याऐवजी तूरडाळ तासभर भिजवून कुकरला लावावी आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी. गच्चीचा विषय सर्वसाधारण सभेत जरूर मांडावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर या छतावरील सौर पॅनेलच्या केंद्रीय योजनेत लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी गृहनिर्माण संस्थांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. इंडक्शनचा बेत रद्द केला असून तीन पंखे घेणार आहे. आईला रिमोट जमत नाही. भिंतीवरील जुन्या रेग्युलेटरवर हे पंखे चालतील का?

प्रतिसाद १
सरसकट नाही. रेग्युलेटरवर चालणारी मॉडेल्स मिळतात. दुकानात तसे स्पष्ट विचारून, खोक्यावरील मजकूर वाचूनच घ्यावीत.